मानकुराद, मालकुराद, मानकूर

गोव्यात सावईवेऱ्याला मामांच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, आंब्याची एकोणीस झाडं आहेत. गेल्या मे महिन्यात मी फोनमधल्या नोंदींच्या ॲपमध्ये सगळी उतरवली. झाड कुठे आहे, मोहर कधी आला, जात कोणती. मग ‘मानकुराद’ शोधलं, तर सात झाडं आली. मामा म्हणाले, "अकरा आहेत रे." बाकीच्या चारांपुढे मी कुठे ‘मालकुराद’ तर कुठे ‘मानकूर’ लिहून बसलो होतो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ रंग धड न चढलेला, असं सांगतात. (रंगाचं जाऊ दे, चवीपुढे हापूस कोण खातो!)

नुसतं शुद्धलेखन सुधारून भागलं नसतं. पुढच्या वर्षी दुसरं कुणी नोंद करील आणि चौथंच काहीतरी लिहील. म्हणून ‘जाती’ हा वेगळा संग्रह केला आणि त्यात मानकुराद एकदाच घातला. नवी नोंद झाली की ॲप तिला गुपचूप एक ओळखक्रमांक देतं. पुष्कळ ठिकाणी तो १२८ बिटांचा असतो आणि लिहून काढला तर मधल्या रेघांसकट ३६ अक्षरं भरतात. झाडाच्या नोंदीत जातीच्या रकान्यात साठतो तो हा क्रमांक. आपल्याला दिसणारं नाव दर वेळी ‘जाती’मधून उचलून आणलेलं असतं. तिथे एकदा बदललं की अकराही झाडांवर बदलतं.

युक्ती जुनी आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली ती मांडली. त्याआधी कुठली माहिती कुठल्या वाटेने गाठायची हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावं लागे, आणि मांडणी हलली की प्रोग्राम कोसळे. कॉड यांनी साधे तक्ते घेतले. एका तक्त्यातली ‘प्रायमरी की’, म्हणजे नोंदीचा ओळखक्रमांक, दुसऱ्यात लिहिली की ती तिथली ‘फॉरिन की’.

जोडणी उलटीही वाचता येते. मानकुरादची नोंद उघडली की खाली अकरा झाडं हजर. मात्र ती नोंदच पुसली तर? कडक डेटाबेस पुसू देत नाही. नोंदींची ॲप बहुधा देतात, आणि झाडापुढचा रकाना मुकाट रिकामा होतो.

खरी पंचाईत विहिरीजवळच्या झाडाने केली. झाड मानकुरादचं, पण एका फांदीवर मामांनी मुसरादचं कलम बांधलेलं. जात एक लिहू की दोन? दोन जोडता येतात. पण कलम कोणत्या साली बांधलं ते कुठे लिहायचं? झाडाच्या नोंदीत घातलं तर झाडाचं वय वाटेल, आणि मुसराद जातीचा तर त्या सालाशी संबंधच नाही. साल त्या दोघांच्या जोडणीचं आहे. म्हणून मध्ये तिसरा संग्रह, ‘कलमं’. प्रत्येक नोंदीत एक झाड, एक जात आणि साल.

मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "बांधलं कुणी, तेही घाल." चौथा रकाना केला. तिथे पहिलं नाव त्यांचं आहे.