अठरा पूर्ण झाल्यावर: बहुविकलांग मुलांसाठी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज

एका आईसोबत बँकेत गेले होते. मुलगी व्हीलचेअरवर, बोलता येत नाही, बोटं आखडलेली म्हणून अंगठाही नीट टेकत नाही. काउंटरवरून एकच प्रश्न आला, "पालकत्वाचा दाखला आहे का?" मुलगी तीन महिन्यांपूर्वीच अठराची झाली होती. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे त्या माउलीला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

हा दाखला राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार मिळतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त दिव्यांगत्वं) या चारच गटांना तो लागू आहे. केवळ मानसिक आजार असेल तर हा मार्ग नाही.

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पुढच्या बहुतेक कामांत हेच कार्ड पुढे करावं लागतं, म्हणून नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय ना, ते नीट पाहा. एका अक्षराच्या फरकाने पुन्हा हेलपाटे पडतात.

पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात, आणि पालक म्हणून आपल्या पसंतीची व्यक्ती सुचवू शकतात. पालक खरंच लागतो का आणि कोणत्या कामांसाठी, हे समिती पाहते. त्यामुळे बँक, उपचार, मालमत्ता यांपैकी कशासाठी गरज आहे ते अर्जात स्पष्ट लिहा.

सोबत यूडीआयडी किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, पाल्य आणि होणारा पालक दोघांचं आधार, रहिवासाचा पुरावा आणि फोटो ठेवा. झेरॉक्सचे दोन संच जास्तच काढा.

याच कागदांवर निरामय या राष्ट्रीय न्यासाच्या आरोग्य विम्याचंही काम उरका. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि फिजिओथेरपीसारख्या नियमित थेरपीचा खर्चही त्यात धरतात. आमच्या घरांत खरा खर्च तिथेच होतो.

अर्जासाठी वाढदिवसाची वाट पाहू नका, कागद सतराव्या वर्षीच गोळा करा. दाखला मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पासबुकाच्या नोंदी आत्तापासून वेगळ्या वहीत उतरवून ठेवा.