नसलेली रेघ

सोसायटीच्या गणेशोत्सवाचा फलक करायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. कारण काय, तर 'तुझ्याकडे ते कोरल आहे ना!' कोरल म्हणजे रेषा आणि आकारांनी चित्र काढायचं सॉफ्टवेअर. यंदा मूर्तीच्या मागे सूर्यकिरणं काढली होती. एक पट्टा केशरी, एक पिवळा, असे चोवीस पट्टे मधल्या बिंदूपासून बाहेर पसरलेले, काठाला काठ भिडवून. मूर्तीचा फोटो फोटोशॉपमध्ये तयार होता, म्हणून किरणं तिकडे नेली. तर प्रत्येक सांध्यावर केसाएवढी पांढरट रेघ!

परत कोरलमध्ये जाऊन तपासलं. शेजारच्या दोन पट्ट्यांचे कोपरे अगदी एकाच जागी होते, दशांशचिन्हानंतरचे आकडेसुद्धा जुळत होते. नीट पाहिल्यावर तिथल्या पडद्यावरही ती रेघ अधूनमधून चमकून जात होती. गंमत म्हणजे कितीही झूम केलं तरी ती जाड होत नव्हती. फोटोशॉपमध्ये मात्र झूम केलं की ती चांगली फुगायची. एकीकडे ती पडद्यापुरती होती आणि दुसरीकडे चित्रात कायमची बसली होती.

कोरल किंवा त्याच जातीचं इलस्ट्रेटर चित्र साठवत नाहीत. चित्र कसं काढायचं ते साठवतात. अशा चित्राला व्हेक्टर म्हणतात. इथून निघ, तिथे पोहोच, वाटेत अमुक बाजूला झुक, आत केशरी भर. झुकण्याचं हे गणित मोटारींच्या कारखान्यातून आलं. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तल्जो यांनी १९५९ च्या सुमारास ते मांडलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच शोधून प्रसिद्ध केलं, त्यामुळे वक्ररेषेला नाव लागलं बेझिए यांचं. दोन टोकं आणि दोन दांडे, एवढ्यावर एक वक्र उभा राहतो. इलस्ट्रेटरमधलं वर्तुळसुद्धा असे चार वक्र जोडून होतं, आणि खरं सांगायचं तर ते पक्कं वर्तुळ नसतंच. एक मीटर त्रिज्या घेतली तर कुठेकुठे पाव मिलिमीटरच्या आसपास चुकतं. डोळ्याला ते कळत नाही.

फोटोशॉपची रीत दोसुतीवरच्या भरतकामाची. कापडाला आधीच चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत एक रंग. या चौकटी म्हणजेच पिक्सेल. तिरकी फांदी भरायची तर पायऱ्यापायऱ्यांनीच भरावी लागते. चौकट पुरेशी बारीक असली की पायऱ्या दिसत नाहीत. किती बारीक, तेही डोळ्यावरून ठरतं. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. पत्रिका ३० सेंटिमीटरवर धरून वाचली, तर हे अंतर ०.०८७ मिलिमीटर भरतं, म्हणजे एका इंचात सुमारे २९० चौकटी. छापखान्यात इंचाला ३०० चौकटी मागतात, तो आकडा या हिशेबाशी जुळतो. आमचा फलक दहा फुटी, बघणारे पाच मीटरवर. तिथून दीड मिलिमीटरपेक्षा लहान काही वेगळं दिसतच नाही, म्हणून फ्लेक्सवाल्याने इंचाला ७२ चौकटी पुरे सांगितलं तर तो टाळाटाळ करत नसतो.

आता रेघेकडे. व्हेक्टर चित्र पिक्सेलमध्ये उतरवताना एखाद्या चौकटीचा अर्धाच भाग केशरी पट्ट्याखाली आला, तर सॉफ्टवेअर त्या चौकटीत अर्धा केशरी रंग मिसळतं. पायऱ्या मऊ दिसाव्यात म्हणून केलेली ही युक्ती. समजा चौकटीचा डावा अर्धा केशरी पट्ट्याचा, उजवा अर्धा पिवळ्याचा आणि खाली पांढरा कागद. आधी केशरी येतो: चौकट अर्धी केशरी, अर्धी पांढरी. मग पिवळा येतो आणि तोही अर्धाच झाकतो, पण आधीच्या मिश्रणाचा अर्धा भाग. उरतं काय? अर्धा पिवळा, पाव केशरी, पाव पांढरा. पांढरा खरं तर शून्य हवा होता. तो पाव हिस्सा म्हणजे माझी रेघ.

आधीच्या पट्ट्याने चौकट किती झाकली होती हे सॉफ्टवेअरच्या लक्षात राहतं, पण कोणती बाजू झाकली होती हे ते विसरतं. थर एकावर एक चढवण्याचे हे नियम टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडले. दोन थरांच्या कडांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं त्यात धरलेलं आहे. एरवी ते चालून जातं. शेजारी शेजारी चिकटलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत मात्र ते गृहीतक साफ पडतं, कारण तिथे एकाची कड हीच दुसऱ्याची कड असते. सांधा बरोबर दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर पडला तर रेघ गायब होते. किरणं तिरकी असल्यामुळे मला ती सवलत जवळजवळ कुठेच मिळाली नाही.

उपाय कळल्यावर हसू आलं. बारा केशरी पट्टे काढून टाकले आणि त्यांच्या जागी सगळ्याच्या खाली एकच सलग केशरी चकती ठेवली. वर बारा पिवळे पट्टे. आता चौकट आधी पूर्ण केशरी होते, मग अर्धी पिवळी. पांढऱ्याला शिरायला फटच नाही.

उलटा प्रवास, म्हणजे फोटोतून व्हेक्टर, हा प्रवास नव्हेच. तो अंदाज असतो. वेगवेगळे असंख्य वक्र चौकटीत उतरले की तंतोतंत एकच चित्र देऊ शकतात, मग त्या चित्रावरून मूळ वक्र ओळखायचा कसा? पीटर सेलिंगर यांचं पोट्रेस हे २००१ पासूनचं सॉफ्टवेअर काळ्यापांढऱ्या चित्राच्या कडेने चालत जातं आणि दर वळणावर ठरवतं की हा खरा कोपरा की गोलाईची पायरी. मोठ्या, स्वच्छ चित्रावर ते सुंदर काम करतं. पण वर्गणीदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अंगठ्याएवढा लोगो दिलात, तर अनुस्वाराचा बटाटा होतो आणि शिरोरेखेला पोक येतो. त्यातून जेपीजी. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठचे तुकडे करून दाबते, त्यामुळे अक्षरांभोवती बारीक धूळ उडते आणि ट्रेस करणारं सॉफ्टवेअर त्या धुळीचंही इमानदारीने शेकडो बेटांत रूपांतर करतं. छापखानेवाला 'ओपन फाइल द्या', म्हणजे मूळ व्हेक्टर फाइल द्या, म्हणून डोकं खातो, त्याचं कारण हे आहे.

काळ्या रंगाची गोष्ट थोडक्यात. छपाईतला नुसत्या काळ्या शाईचा काळा पडद्याच्या तीन रंगांत आणून परत छपाईच्या चार शायांत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) नेला, की तो चारही शायांचा होऊन येतो. फोटोशॉपच्या जुन्या अमेरिकी सेटिंगमध्ये पडद्यावरचा पूर्ण काळा ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असा फुटतो, म्हणजे एकूण ३०० टक्के शाई. मोठ्या ठशात ठीक, पण बारीक मजकुरात कागद जरा सरकला की अक्षरांना रंगीत सावली पडते.

मराठी मजकुराचा त्रास याहून जुना. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत, येण्याआधीच्या फाँटमधला मजकूर फाँट नसलेल्या संगणकावर गेला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो. युनिकोड असला आणि फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू नसला, तर पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. म्हणून सगळे सांगतात, 'कर्व्ह करून पाठवा'. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. कुठेही न्या, बिघडत नाही.

मीही कर्व्ह करून, जुना फाँट असलेली फाइल बंद करून, निवांत झालो. रात्री अकराला सेक्रेटरींचा फोन. 'अहो, शुभेच्छुकमधला छु दीर्घ पडलाय.' टाइप करायला आता अक्षरच नव्हतं. शेवटी त्याच शब्दातल्या 'शु'चा ऱ्हस्व उकार उचलला, त्याची प्रत काढली आणि 'च्छ'च्या खाली नेऊन बसवली.