पेटी संस्थेकडे, हक्क कुणाकडे?

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथं मध्यवर्ती कारागृह आहे तिथं, नव्या बांधकामाचा पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचं शके ९३९ चं, म्हणजे इ. स. १०१७ चं दानपत्र. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनं 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात त्याचा इंग्रजी अनुवाद छापला. छापायला परवानगी कुणाची घ्यायची, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

कंपनी सरकारनं इथला पहिला कॉपीराइट कायदा केला १८४७ मध्ये. १९१४ ला इंग्लंडच्या कायद्याची हिंदुस्थानी आवृत्ती आली आणि स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. ठाण्यात वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं, तेव्हा १८४७ चाच कायदा चालू होता. त्या पिढीला घाई होती ती पोथ्या आणि बाडं वाळवीच्या आधी गाठण्याची. ज्या घरातून बाड मिळालं त्या घराचे आभार मानायचे नि मजकूर छापायचा, अशी रीत होती. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जुनं मराठी काव्य आपल्या हाती लागलं ते त्या रीतीमुळेच. मात्र तीच सवय पुढं संस्थांच्या दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या वस्तूंची नोंद ठेवायच्या वहीत, मुरली आणि आजचा बराचसा घोळ तिथून सुरू होतो.

समजा, ठाण्याच्या नौपाड्यातलं एखादं घर पुनर्विकासाला गेलं आणि नातवंडांनी आजोबांची पत्र्याची ट्रंक अशा एखाद्या ग्रंथसंग्रह करणाऱ्या संस्थेत आणून दिली. नोंदवहीत एक ओळ पडते: 'पत्रे, रोजनिशा, फोटो अल्बम १.' पुढं देणगीदाराची सही. एवढ्यानं ट्रंक संस्थेची झाली. रोजनिशीचा कॉपीराइट मात्र वारसांकडेच राहिला, कारण हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत घातली नसेल, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. गंमत अशी की, त्याच आजोबांनी त्याच अप्रकाशित रोजनिशा मृत्युपत्रानं संस्थेला दिल्या असत्या, तर मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास १९५७ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे हक्कही सोबत आला असता. पत्रांचं आणखी निराळं. आजोबांना आलेल्या पत्रांवर आजोबांचाच हक्क नव्हता, तो लिहिणाऱ्याचा. म्हणजे एका ट्रंकेत पन्नास माणसांची पत्रं असली तर पन्नास घरांचे वारस शोधायचे.

अल्बम उघडला की डोकं आणखी फिरतं. १९१४ च्या कायद्यात फोटोचा हक्क मूळ निगेटिव्हपासून ५० वर्षं होता. १९५७ च्या कायद्यानं मुदत प्रकाशनापासून मोजायला लावली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली. शिवाय पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. पुठ्ठ्यामागे शिक्का स्टुडिओचा, हक्क फोटोतल्या कुटुंबाचा आणि मुदत मोजायची ती ज्याचं नावही कुणाला ठाऊक नाही अशा फोटोग्राफरच्या मरणापासून. १९०० च्या सुमाराचे फोटो त्यातल्या त्यात निर्धास्त, कारण एकदा संपलेला हक्क पुन्हा जिवंत होत नाही.

लेखकांच्या मृत्यूनंतरची ५० वर्षांची मुदत ६० झाली ती रवींद्रनाथांमुळे. ते १९४१ मध्ये गेले, १९९१ अखेर हक्क संपणार म्हणून वर्ष सरता सरता वटहुकूम निघाला. त्याचा फटका मराठीलाही बसला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांची पुस्तकं २००० अखेर मोकळी व्हायची, ती २०१० अखेर झाली.

२०१२ च्या दुरुस्तीनं संग्रहांसाठी थोडी वाट करून दिली. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या डिजिटल नसलेल्या प्रतीची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. पण त्या कलमात शब्द फक्त 'ग्रंथालय' असा आहे. त्याच ५२ व्या कलमात अप्रकाशित हस्तलिखितांची प्रत काढण्याबद्दल बोलताना मात्र ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय आणि इतर संस्था असा सगळा गोतावळा येतो. अट एवढीच, की लेखक माहीत असेल तर त्याला जाऊन ६० वर्षं झालेली हवीत. वस्तुसंग्रहालयाला डिजिटल प्रतीच्या सवलतीतून का वगळलं, याचं पटणारं उत्तर मला सुचत नाही. लेखकाचा ठावठिकाणा लागत नसेल तर कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो. त्याआधी जाहिरात द्यायची ती देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात! मुरबाडच्या एखाद्या शिक्षकाच्या मोडी रोजनिशीचा वारस तिथं कसा सापडायचा, ते कायदाच जाणे.

काही संस्था स्कॅनवर आपलं नाव उमटवून 'सर्व हक्क राखीव' लिहितात. सर्वोच्च न्यायालयानं २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक निकालात नुसत्या मेहनतीवर हक्क मिळत नाही, थोडी तरी सर्जकता लागते, असं म्हटलं. तो खटला निकालपत्रांच्या संपादनाचा होता, तरी पोथीचं पान जसंच्या तसं स्कॅन करण्यात सर्जकता कुठली, हे कुणीही विचारू शकतं.

ध्वनिमुद्रणाची तऱ्हा वेगळी. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात कुणी धवलारणीचे धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, रेकॉर्ड केले, तर परंपरेनं आलेल्या गाण्यावर कुणाचाच हक्क नाही. गाणाऱ्या बाईंचा मात्र आहे. कलाकाराचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आला, आधी २५ वर्षांचा, पुढं ५० चा. संस्थेला सुचतं ते एवढंच, की चहापाणी झालं, साडी-नारळ दिला, फोटो काढला. सही घ्यायची राहूनच जाते.

खासगी माहितीचा विषय त्या मानानं कालचा. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर मसुदे झाले, एक विधेयक २०२२ मध्ये मागं घेतलं गेलं आणि शेवटी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्यांना त्यात १८ महिन्यांची सवड आहे. कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. दारातल्या अभिप्राय वहीत लोक नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहितात. ती वही कपाटात आहे तोवर कायद्याबाहेर. पानं स्कॅन झाली की ती आत येते. ट्रंकेतल्या पत्रांत हयात माणसांचे आजार, कर्ज, फिसकटलेली लग्नं असतील, तर त्यांचंही तेच.

संशोधन आणि अभिलेख जतनासाठी कायद्यात सूट आहे. त्या माहितीवरून कुणा एका माणसाबाबत निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, या तिच्या अटी. ही सूट पत्रांना आणि रोजनिशांना मिळेल. सभासदांची यादी, देणगीदारांचे पॅन क्रमांक, वक्तृत्व स्पर्धेतल्या शाळकरी मुलांचे फॉर्म यांना ती लावता येणार नाही. त्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. कार्यालयातल्या एकुलत्या एका संगणकावर हे सगळं बहुधा एकाच फोल्डरमध्ये पडलेलं असतं, आणि मे २०२७ च्या आत ते वेगळं करायचं काम ग्रंथपालाच्याच गळ्यात पडणार आहे.