मनातल्या मनात: स्वतःशी बोलताना 'मी' की 'तू'?

ठोकळे रचणारे लहान मूल 'आता लाल घ्यायचा, हा इथे बसत नाही' असे पुटपुटत असते. काम अवघड झाले की हे पुटपुटणे वाढते, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉत्स्की (१८९६–१९३४) यांनी टिपले. त्यांच्या मते, इतरांकडून ऐकलेल्या सूचना मूल आधी मोठ्याने स्वतःला देते आणि वय वाढते तसे हे बोलणे लोप न पावता मनात उतरते. प्रौढ माणूस ओठ न हलवता स्वतःशी बोलतो तेव्हाही मेंदूतील बोलण्याशी संबंधित ब्रोका क्षेत्र सक्रिय झालेले दिसते.

हा संवाद एरवी आपल्या उपयोगाचाच असतो. मात्र तो एकाच दुःखाभोवती घुटमळू लागला की त्रासदायक ठरतो. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला, त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी सुझन नोलन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि विचार करण्याच्या सवयी योगायोगाने नोंदवून ठेवल्या होत्या. ज्यांना 'माझेच असे का होते?' हे उगाळत बसण्याची सवय आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर, अगदी सात आठवड्यांनीही, नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. आधीच्या मनःस्थितीतील फरक हिशेबात धरूनही हा संबंध टिकून राहिला, म्हणून मला हा पुरावा विशेष मोलाचा वाटतो.

मग स्वतःशी गोड बोलावे, हा सल्ला सहज सुचतो. पण तो सर्वांना लागू पडत नाही. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागींना मनात येईल ते चार मिनिटे लिहायचे होते आणि त्यांतील काहींना घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असे म्हणायचे होते. ज्यांच्या मनात स्वतःविषयी मुळात कमी आदर होता, त्यांना हे वाक्य घोकून उलट अधिक वाईट वाटले. जे मनाला पटत नाही, ते वारंवार म्हटल्याने त्याच्याविरुद्धचे पुरावेच आठवू लागतात, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

शब्दांच्या गोडव्यापेक्षा बोलण्याचा कोन महत्त्वाचा असावा, असे मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधील प्रयोगांवरून दिसते. अल्पावधीत भाषणाची तयारी करायला सांगितल्यावर ज्यांनी 'मी इतका का घाबरलोय?' याऐवजी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून हाक मारत विचार केला, त्यांचे भाषण परीक्षकांना अधिक चांगले वाटले आणि नंतर त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल स्वतःला कमी कोसले. पुढे २०१७ मध्ये जेसन मोझर, क्रॉस आणि सहकाऱ्यांनी मेंदूची तपासणी केली. क्लेशदायक चित्रे पाहताना नावाने विचार करणाऱ्यांच्या मेंदूतील भावनिक प्रतिसाद एका सेकंदाच्या आतच ओसरू लागला आणि भावना आवरण्यासाठी मेंदूला वेगळे कष्ट पडल्याची खूणही दिसली नाही. दुसऱ्याला सल्ला देताना आपण ज्या अंतरावर उभे असतो, ते अंतर केवळ एका सर्वनामाच्या बदलाने स्वतःपासूनही मिळते.

अर्थात, नैराश्याच्या आजारात मनातला कठोर आवाज इतका खरा वाटतो की सर्वनाम बदलून भागत नाही. तिथे ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेली बोधात्मक उपचारपद्धती उपयोगी पडते. 'मी काहीच धड करू शकत नाही' असे वाक्य मनात उमटले, तर रुग्ण ते लिहून काढतो आणि त्याच्या बाजूने व विरुद्ध काय पुरावा आहे, हे उपचारकासोबत तपासतो.