संशोधनातली सचोटी: देशोदेशींच्या एकत्रित कामामागचा इतिहास

संशोधन नैतिकता आणि शैक्षणिक सचोटी ही जोडी आज विद्यापीठांच्या परिपत्रकांत एका दमात येते. अनेक देशांच्या संस्थांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पांच्या कागदपत्रांतही ती तशीच दिसते. पण या दोघी एका घरात जन्मल्या नाहीत. एकीची सुरुवात रुग्णाच्या खाटेपाशी झाली, दुसरीची परीक्षेच्या हॉलमध्ये, आणि प्रयोगशाळेतल्या फसवणुकीचा तिसरा प्रवाह वेगळाच वाहत होता. तिघे एकत्र यायला साठेक वर्षं लागली, आणि सामायिक प्रकल्पांशिवाय ते एकत्र आले असते असं मला वाटत नाही.

पहिला प्रवाह सर्वांत वेदनादायक आहे. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्याच्या निकालातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसावर प्रयोग करायचा तर त्याने स्वेच्छेने दिलेली संमती हवीच, हे तिचं पहिलं कलम. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. आणि या सगळ्या काळात अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ साली सुरू झालेला अभ्यास बिनबोभाट चालूच होता. सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना आपल्याला नेमकं काय झालंय हे सांगितलेलं नव्हतं. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो हे कळल्यावरही ते त्यांना दिलं गेलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी प्रकरण बाहेर काढलं तेव्हा तो थांबला. संहिता आणि जाहीरनामा दोन्ही हाताशी असताना हे वर्षानुवर्षं चाललं, हे मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वास्तव वाटतं. त्यानंतर अमेरिकेत माणसांवरच्या संशोधनाबद्दलचा १९७४ चा कायदा आणि त्याची नैतिक तत्त्वं मांडणारा १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. प्रयोग सुरू होण्याआधी प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समित्यांना तिथे कायद्याचं बळ मिळालं.

त्याच १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत विल्यम समरलिन या संशोधकाने पांढऱ्या उंदरांवर काळ्या पेनने ठिपके रंगवले आणि त्वचारोपण यशस्वी झाल्याचं दाखवलं. १९८१ मध्ये हार्वर्डमध्ये जॉन डार्सी हा तरुण हृदयरोग संशोधक खोटी आकडेवारी तयार करताना सहकाऱ्यांच्या नजरेस पडला. तरीही त्याला पुढे काही महिने प्रयोगशाळेत काम करू दिलं गेलं. संस्थेने आपल्याच माणसाची चौकशी करायची, आणि निकालाने बदनामी व्हायची तीही संस्थेचीच. या पेचातून अमेरिकेने १९९२ मध्ये संशोधन सचोटी कार्यालय उभं केलं. डेन्मार्कने त्याच वर्षी राष्ट्रीय समिती नेमली. ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९९७ मध्ये आपापल्याकडची संशयास्पद प्रकरणं एकमेकांपुढे मांडायला बसले, त्यातून ‘कोप’ ही प्रकाशन नैतिकता समिती जन्माला आली. या विषयातल्या सहकार्याचा हा अगदी सुरुवातीचा आणि फार साधा नमुना: अडचण आली तर शेजारच्या संपादकाला विचारायचं.

तिसरा प्रवाह विद्यार्थ्यांचा. १९६४ मध्ये विल्यम बॉवर्स यांनी अमेरिकेतल्या ९९ कॉलेजांमधल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. तिच्यात जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारे फसवणूक केल्याचं कबूल केलं होतं. हेच काम पुढे डोनाल्ड मकेब यांनी नेटाने चालवलं. आजूबाजूचे विद्यार्थी काय करतात याचा पगडा शिक्षेच्या भीतीपेक्षा जास्त असतो, हे त्यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं. १९९२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या शैक्षणिक सचोटी केंद्राने १९९९ साली प्रामाणिकपणा, विश्वास, न्याय्य वागणूक, आदर आणि जबाबदारी अशी पाच मूल्यं मांडली. त्यात धैर्याची भर पडली ती २०१४ मध्ये. ती आधीच पडायला हवी होती, असं मला वाटतं.

देशोदेशींनी एकत्र बसण्याची निकड मात्र एका व्यावहारिक अडचणीने आणली. एका शोधनिबंधाचे लेखक चार-पाच देशांतले असले आणि आकड्यांत गडबड निघाली, तर चौकशी कोणी करायची? आणि कोणत्या व्याख्येने? अमेरिकेच्या २००० सालच्या व्याख्येत बनावट आकडे, आकड्यांत फेरफार आणि वाङ्मयचौर्य हे तीनच प्रकार होते. इतर काही देशांच्या व्याख्या याहून रुंद होत्या. २००७ मध्ये लिस्बनला संशोधन सचोटीवरची पहिली जागतिक परिषद झाली. २०१० च्या सिंगापूर परिषदेतून चार तत्त्वं आणि चौदा जबाबदाऱ्यांचं निवेदन निघालं. २०१३ च्या माँट्रियल निवेदनाने तर सीमा ओलांडणाऱ्या सहकार्याचाच विषय हाती घेतला.

युरोपला खडबडून जागं केलं ते २०११ ने. त्या वर्षी जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातल्या उचललेल्या परिच्छेदांची छाननी इंटरनेटवर एकत्र आलेल्या अनोळखी लोकांनी पानोपान केली. मंत्र्यांना डॉक्टरेट आणि पद दोन्ही गमवावं लागलं. त्याच वर्षी नेदरलँड्समधले नामवंत मानसशास्त्रज्ञ डीडेरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं बनावट माहिती वापरल्याचं उघड झालं. ते उघड केलं तीन तरुण संशोधकांनी. आपलं अख्खं करिअर ज्याच्या शिफारशीवर अवलंबून, त्याच्याविरुद्ध बोलायला काय बळ लागलं असेल! स्टापेल यांनी ज्या तीन विद्यापीठांत काम केलं होतं त्यांनी समित्या नेमून संयुक्त अहवाल दिला. अहवालाने एका माणसावर खापर फोडून विषय संपवला नाही. सहलेखक, परीक्षक, संपादक यांच्या डोळ्यांखालून अशक्य वाटावेत असे निकाल कसे गेले, हेही त्याने विचारलं.

त्या सुमारास युरोपीय संघाच्या २७ देशांतल्या वाङ्मयचौर्यविषयक धोरणांची तुलना करणारा प्रकल्प चालू होता. कॉव्हेंट्री विद्यापीठ त्याचं नेतृत्व करत होतं आणि चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो इथलं मेंडेल विद्यापीठ भागीदार होतं. देशोदेशी नियमांत आणि त्यांच्या अंमलबजावणीत मोठी तफावत असल्याचं त्यातून दिसलं. या ओळखींतूनच पुढे शैक्षणिक सचोटीचं युरोपीय जाळं विणलं गेलं. ‘एनाय’ या नावाने २०१७ मध्ये त्याची रीतसर संस्था झाली. अनुदानाची मुदत संपली की प्रकल्प विरतो, संकेतस्थळ बंद पडतं आणि तयार केलेलं प्रशिक्षण साहित्य कोणाच्या हाती लागत नाही, हा अशा कामांचा जुना रोग आहे. प्रकल्प चालू असतानाच कायम टिकणारी संस्था उभी करणं हा त्यावरचा उपाय. ‘एम्बसी ऑफ गुड सायन्स’ हे सगळ्यांना भर घालता येईल असं व्यासपीठही एका प्रकल्पातूनच आलं.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत दूरवर पोचलेलं काम २०१५ ते २०१८ दरम्यानच्या ‘ट्रस्ट’ प्रकल्पाचं आहे. श्रीमंत देशांत परवानगी मिळणार नाही असं संशोधन गरीब देशांत नेऊन करण्याच्या प्रथेवर त्याने बोट ठेवलं. दक्षिण आफ्रिकेतला सान नावाचा आदिवासी समाज जनुकीय अभ्यासांसाठी वर्षानुवर्षं संशोधकांना हवा होता. त्या समाजाने २०१७ मध्ये स्वतःची संशोधन संहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि आमच्या रीतीने परवानगी घेणं, अशा त्यांच्या मागण्या. ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांनीच अटी लिहिल्या. पुढच्याच वर्षी ‘ट्रस्ट’मधून आलेल्या जागतिक संशोधन संहितेच्या चार मूल्यांत न्याय, आदर आणि प्रामाणिकपणाबरोबर काळजीलाही जागा मिळाली.

युरोपीय अकादमींच्या महासंघाने आपली आचारसंहिता २०११ नंतर २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुधारली. ताज्या आवृत्तीत शोधनिबंध लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊन ती लपवणं हेही अस्वीकार्य वर्तनांत मोजलं आहे. विद्यार्थ्याच्या निबंधापासून प्राध्यापकाच्या शोधनिबंधापर्यंत हा प्रश्न सगळीकडे एकाच वेळी येऊन धडकला, त्यामुळे परीक्षेच्या हॉलमधला प्रवाह आणि प्रयोगशाळेतला प्रवाह यांच्यातली उरलीसुरली भिंतही आता पडते आहे.