हवा ढकलायची की ओढायची?

व्हेंटिलेटर रुग्णासाठी श्वास घेतो, हे करोनाच्या काळात इतक्यांदा कानावर पडलं की आता ते खरंच वाटतं. प्रत्यक्षात व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. आपण मात्र ती ओढतो. फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. त्यांच्याखालचं घुमटाकार श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि सुमारे ५०० मिलिलिटर हवा आपसूक आत येते.

१९२८ साली बॉस्टनमध्ये प्रथम वापरलेलं ‘लोखंडी फुप्फुस’ ओढणारंच होतं: रुग्ण मानेपर्यंत पेटीत आणि पेटीतला दाब कमी-जास्त. १९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली आणि पेट्या पुरेनात. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी बसवून हाताने पिशवी दाबायची पद्धत आणली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने त्या दाबत राहिले. आजचे व्हेंटिलेटर याच वाटेने आले. त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण घशात नळी असताना बोलता येत नाही, आणि काम थांबलेल्या श्वासपटलाचे तंतू तीन दिवसांच्या आत बारीक होऊ लागतात.

मग श्वासपटलालाच हात दिला तर? अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या एलन रोश यांच्या गटाने २०२२मध्ये नेमकं हेच करून दाखवलं. भूल दिलेल्या डुकरांच्या श्वासपटलावर त्यांनी दोन मऊ, नळीसारखे कृत्रिम स्नायू बसवले आणि टोकं बरगड्यांपाशी पक्की केली. हवा भरली की हे स्नायू आखडतात आणि घुमट खाली दाबला जातो.

पण हवा भरल्यावर नळी आखडेल कशी? ही करामत १९५०च्या दशकातली. जोसेफ मॅककिबेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने पोलिओने हात लुळा पडलेल्या आपल्या मुलीसाठी असे स्नायू वापरले. आत रबरी नळी, वर तिरक्या धाग्यांची जाळी. कांद्याची जाळीदार पिशवी आडवी ताणली की तोकडी होते, तसंच हे. धागे लांबत नाहीत, नळीच्या लांबीशी असलेला त्यांचा कोन बदलतो. नळीची लांबी त्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असते, त्रिज्या साइनच्या; म्हणून घनफळ साइनचा वर्ग गुणिले कोसाइन या प्रमाणात. हे घनफळ ५४.७ अंशांना सर्वाधिक होतं. दाबाखालच्या हवेला जागा हवी असते, म्हणून २५ अंशांनी विणलेली जाळी आखडत त्या कोनाकडे सरकते. तिथे पोचली की ओढ शून्य. कागदावर हे आखडणं ३६ टक्के भरतं, घर्षणामुळे प्रत्यक्षात कमी. मोटर नाही, दातेरी चाक नाही. शरीरात मऊ अवयवांशेजारी बसवायला याहून योग्य रचना मला माहीत नाही.

२०२१मध्ये कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे निरोप घरोघरी फिरत होते. वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. छातीतल्या दाबात आणि रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये काही फरक पडत नाही. त्याच न्यायाने ‘रोबो तुमच्यासाठी श्वास घेणार’ या मथळ्यांवरही विश्वास ठेवू नये. हा प्रयोग प्राण्यांवरचा आहे, शस्त्रक्रियेशिवाय तो होत नाही, आणि स्नायूंना हवा पुरवणारी यंत्रणा शरीराबाहेर असते.

सर्वांत नाजूक भाग वेळेचा. स्नायूविकारात श्वासपटल दुबळं होतं, पण बहुधा पूर्ण थांबत नाही. त्याने खाली सरकायला सुरुवात केली त्याच क्षणी कृत्रिम स्नायूने जोर लावला, तर दोघांची ताकद एकत्र येते. उशीर झाला, तर रुग्ण उच्छ्वास सोडत असताना यंत्र हवा आत ओढू लागेल.