अनिवासी भागधारकाची राज्य करकपात (अमेरिका)

अमेरिकेत एखाद्या राज्यात धंदा करणाऱ्या कंपनीचा भागधारक दुसऱ्या राज्यात राहत असेल, तर त्याच्या वाट्याच्या नफ्यातून धंद्याचे राज्य कंपनीमार्फत जो आयकर आधीच कापून घेते, त्याला अनिवासी भागधारकाची राज्य करकपात म्हणतात. अनिवासी म्हणजे इथे परदेशी नव्हे. शिकागोत राहणारा अमेरिकन नागरिकही जॉर्जिया राज्याच्या दृष्टीने अनिवासीच असतो. भारतातल्या टीडीएसशी हिचे साम्य आहे आणि तेच ध्यानात ठेवण्याजोगे आहे: कापलेली रक्कम हा आगाऊ भरणा असतो, अंतिम कर नव्हे. या विषयातले बहुतेक घोटाळे हा फरक विसरल्यामुळे होतात.

ही कपात मुख्यतः एस कॉर्पोरेशन, भागीदारी आणि भागीदारीप्रमाणे कर भरणाऱ्या एलएलसी (मर्यादित दायित्वाच्या कंपन्या) यांना लागू होते. एस कॉर्पोरेशन हा कंपनीला मिळणारा एक खास करदर्जा. त्याची तरतूद १९५८ साली आली. अशी कंपनी सहसा स्वतः केंद्रीय आयकर भरत नाही. तिचा नफा के-१ या पत्रकावरून भागधारकांच्या वैयक्तिक विवरणपत्रांत जातो. पैसे हातात आले नाहीत तरी वाट्याच्या नफ्यावर कर लागतो. भागधारक राज्याबाहेर राहत असेल, तर त्याच्याकडून वसुली करणे राज्याला अवघड जाते. कंपनी मात्र राज्याच्या आवाक्यात असते, म्हणून कापण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली जाते.

याचा घटनात्मक पाया १ मार्च १९२० रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या दोन निकालांत आहे. ‘शॅफर विरुद्ध कार्टर’ या खटल्यात इलिनॉयच्या रहिवाशाला ओक्लाहोमातल्या तेलधंद्यातून झालेल्या उत्पन्नावर कर लावण्याचा ओक्लाहोमाचा अधिकार मान्य झाला. ‘ट्रॅव्हिस विरुद्ध येल अँड टाउन’ या खटल्यात केवळ अनिवासींच्या पगारातून कर कापण्याची न्यूयॉर्कची पद्धत वैध ठरली, पण रहिवाशांना मिळणारी वैयक्तिक सूट अनिवासींना नाकारणे अवैध ठरले. कर लावा, कापूनही घ्या, पण परका म्हणून जास्त घेऊ नका, ही मर्यादा तेव्हा आखली गेली.

प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. कॅलिफोर्निया आपल्या राज्यातल्या उत्पन्नाच्या वाटपावर, म्हणजे भागधारकाला प्रत्यक्ष दिलेल्या पैशांवर, ७ टक्के कापायला लावते. वर्षाचे असे वाटप १,५०० डॉलरच्या वर गेले तरच. जॉर्जिया वाटपावर ४ टक्के कापते. पेनसिल्व्हेनिया (३.०७ टक्के) आणि व्हर्जिनिया (५ टक्के) वाटपाची वाट पाहत नाहीत, नफा कंपनीतच राहिला तरी भागधारकाच्या वाट्यावर रक्कम भरावी लागते. न्यूयॉर्कमध्ये कंपनी अनिवासी व्यक्तींच्या वतीने सर्वोच्च दराने, सध्या १०.९ टक्क्यांनी, अंदाजित कर भरते. टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा यांसारख्या राज्यांत वैयक्तिक आयकरच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. कपात वाटपावर आहे की नफ्यावर, हे दराच्याही आधी पाहावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अटलांटाजवळच्या एका एस कॉर्पोरेशनचा वर्षाचा नफा २,००,००० डॉलर आहे आणि तो पूर्ण जॉर्जियातला आहे. इलिनॉयमध्ये राहणाऱ्या भागधारकाचा वाटा ४० टक्के, म्हणजे ८०,००० डॉलर. सगळे वाटप झाले, तर कंपनी ३,२०० डॉलर कापून ७६,८०० त्याच्या हाती देईल. जॉर्जियाचा २०२५ चा दर मात्र ५.१९ टक्के आहे. वजावटी बाजूला ठेवल्या तर कर होतो ४,१५२ डॉलर, म्हणजे ९५२ अजून भरायचे. कंपनीने केवळ ५०,००० वाटले आणि उरलेले खेळत्या भांडवलात ठेवले, तर कपात २,००० डॉलरचीच होईल. कर मात्र ८०,००० वरच लागेल आणि तूट २,१५२ वर जाईल. ‘कंपनीने कापलंय ना’ म्हणून निश्चिंत बसलेल्याला ही तूट विवरणपत्र भरताना कळते, आणि मग आगाऊ कर कमी भरल्याचा दंडही लागू शकतो.

पुढचा टप्पा राहत्या राज्याचा. इलिनॉय आपल्या रहिवाशाच्या जगभरातल्या उत्पन्नावर ४.९५ टक्के कर लावते, पण दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचे क्रेडिट देते, म्हणजे तो आपल्या करातून वजा करते. वरच्या उदाहरणात ते ढोबळमानाने ३,९६० डॉलरपर्यंतच मिळेल, कारण इलिनॉयचा त्या उत्पन्नावरचा कर तेवढाच आहे. उरलेले १९२ डॉलर भागधारकाच्या खिशातून जातात. क्रेडिट मिळते ते जॉर्जियाच्या विवरणपत्रात ठरलेल्या करावर, कापलेल्या रकमेवर नव्हे. त्यामुळे आधी धंद्याच्या राज्याचे विवरणपत्र पुरे करावे आणि मग राहत्या राज्याचे. याला अपवाद आहेत. व्हर्जिनिया, ॲरिझोना किंवा ओरेगॉनचा रहिवासी कॅलिफोर्नियात कमावत असेल, तर क्रेडिट राहते राज्य नव्हे, कॅलिफोर्निया देते.

राहत्या राज्याला हे क्रेडिट मनास येईल तसे आखडते घेता येत नाही. मेरीलँडचे विन (Wynne) दांपत्य मॅक्सिम हेल्थकेअर या एस कॉर्पोरेशनचे भागधारक होते. २००६ सालासाठी त्या कंपनीने ३९ राज्यांत विवरणपत्रे भरली होती. मेरीलँडने राज्याच्या करातून क्रेडिट दिले, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) करातून नाकारले. १८ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. अनेक राज्यांत वाटा असलेल्या छोट्या भागधारकाला या निकालाइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही.

वैयक्तिक विवरणपत्र टाळायचे, तर अनेक राज्ये संयुक्त विवरणपत्राची मुभा देतात. कंपनी सर्व अनिवासींच्या वतीने एकच भरते. सोय मोठी, पण बहुधा वरचा दर लागतो आणि वैयक्तिक वजावटी गमवाव्या लागतात. २०१७ च्या कायद्याने राज्य करांच्या केंद्रीय वजावटीवर १०,००० डॉलरची मर्यादा घातल्यावर (२०२५ पासून ती वाढली आहे) बहुतेक राज्यांनी त्या मर्यादेतून सुटण्यासाठी कंपनीच्या पातळीवर कर भरण्याचा पर्याय आणला. तो निवडल्यास अनेक ठिकाणी कपातीची गरज उरत नाही. मात्र राहते राज्य त्या कराचे क्रेडिट देते का, हे आधी तपासावे.

कंपनीच्या बाजूनेही एक जोखीम आहे. एस कॉर्पोरेशनच्या सर्व समभागांना वाटपात समान हक्क असावे लागतात. एकाच भागधारकाच्या वतीने कर भरला, तर ते त्याला केलेले वाटप समजले जाते, कंपनीचा खर्च नव्हे. इतरांनाही त्या प्रमाणात रोख द्यावी लागते. केवळ वेळ मागेपुढे झाली तर केंद्रीय नियम एस दर्जा काढून घेत नाहीत, पण हिशेब कधी मिटवलाच नाही तर प्रश्न उभा राहतो. कपातीचा दाखला राज्याच्या स्वतःच्या पत्रकावर येतो: व्हर्जिनियात व्हीके-१, कॅलिफोर्नियात ५९२-बी. त्यावरचे नाव आणि करक्रमांक तपासून घ्यावा. समभाग ट्रस्टच्या नावे असले आणि कपात व्यक्तीच्या क्रमांकावर जमा झाली, तर रक्कम जुळवण्यात महिने जातात.

अमेरिकेत धंदा उभारलेल्या मराठी कुटुंबांसाठी दोन बाबी महत्त्वाच्या. कराच्या दृष्टीने अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी माणूस एस कॉर्पोरेशनचा थेट भागधारक होऊ शकत नाही. पुण्यात राहणाऱ्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या आईच्या नावे काही समभाग केले, तर कंपनीचा एस दर्जा त्याच दिवशी संपतो. दुसरी बाब मायदेशी परतलेल्या अमेरिकी नागरिकाची. तो भागधारक राहू शकतो, पण दुहेरी कर टाळण्याचा भारत-अमेरिका करार अमेरिकेच्या फक्त केंद्रीय आयकराला लागू आहे. राज्याच्या कराची सवलत १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ९१ खाली मागावी लागे. परदेशाच्या एखाद्या भागाच्या सरकारने लावलेला कर त्यात धरला होता, आणि मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने टाटा सन्सच्या प्रकरणात अमेरिकी राज्यांच्या आयकराला ती सवलत दिली होती.